सिमकार्डाविना इंटरनेट

नोकिया कंपनीने नोव्हेंबर 2005 मध्ये बाजारात आणलेल्या '770' या उपकरणाला 'इंटरनेट टॅब्लेट' म्हटले गेले. त्याचा पडदा 800 बाय 480 बिंदूंचा, म्हणजे 2007 च्या पहिल्या आयफोनपेक्षाही अधिक सुस्पष्ट होता आणि त्याची 'मेमो' ही कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा सारा कारभार चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, लिनक्सवर उभारलेली होती. मात्र त्यात सिमकार्डाला जागाच नव्हती. वाय-फायच्या टप्प्याबाहेर पडताच वापरकर्त्याला खिशातला दुसरा मोबाइल ब्लूटूथने जोडून त्याच्यामार्फत इंटरनेट मिळवावे लागे, आणि दोन यंत्रे बाळगण्याचा हा खटाटोप हौशी मंडळींपलीकडे कोणी फारसा पत्करणे शक्य नव्हते.

2008 मध्ये ओपनमोको या प्रकल्पाचा 'फ्रीरनर' हा फोन आणि अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आल्यावर खुलेपणा, म्हणजे सॉफ्टवेअर कोणालाही पाहता-बदलता येणे, ही एकट्या लिनक्सवरच्या मेमोची मिरासदारी उरली नाही. फ्रीरनरच्या कवचाचे आराखडेसुद्धा खुले होते. पण त्यात कॅमेरा नव्हता आणि थ्रीजीही नव्हते, तेव्हा नुसत्या खुलेपणावर बाजारात निभाव लागत नाही हेही दिसले. नोकियाच्या टॅब्लेटला टिकून राहायचे तर अंगचे मोबाइल जाळे हवे होते आणि त्याहून निकडीची होती सातत्याची हमी, कारण जुन्या यंत्रांना नवी मेमो अधिकृतपणे मिळत नसल्याने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे कष्ट वारंवार वाया जात. नोकियाने सिमकार्डाची सोय 2009 च्या 'एन900' मध्ये केली, परंतु फेब्रुवारी 2011 मध्ये कंपनीने स्मार्टफोनसाठी विंडोज फोनची निवड केली.