गोळा तयार व्हायला किती वेळ लागतो?

2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेत 155 मिलिमीटर तोफेचे गोळे महिन्याला साधारण 14,000 बनत. युक्रेनच्या तोफखान्याला ते जेमतेम काही दिवस पुरले असते. मार्च 2023 मध्ये युरोपीय संघाने वर्षभरात 10 लाख गोळे देण्याचा शब्द दिला. मुदत संपली तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त पोचले होते. पैसा होता, इच्छाही होती. मग अडलं कुठे?

पोलादाचा जाड दांडा तुकड्यांत कापतात, ते भट्टीत लालबुंद तापवतात आणि प्रेसखाली दाबून पोकळ नळकांडं करतात. मग तोंड निमुळतं करायचं, लेथवर नेमक्या मापाला आणायचं, बुडाजवळ तांब्याचा पट्टा बसवायचा. अमेरिकेत हे काम स्क्रॅन्टनला, रेल्वे इंजिनांच्या शंभराहून अधिक वर्षं जुन्या कारखान्यात चालतं. स्फोटक भरायला गोळे आयोवात जातात. आपल्या विदर्भातही अशीच वाटणी आहे: अंबाझरीत गोळ्याचं कवच, भद्रावतीच्या चांदा निर्माणीत भराई, आणि गोळा नळीतून फेकणारी दारू भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला.

कवचाचं काम नवी यंत्रं आणून वाढवता येतं. खरी गाठ स्फोटकांशी. टीएनटी वितळवून कवचात ओततात आणि सावकाश थंड होऊ देतात. घाई केली की आत पोकळी किंवा भेग राहते, आणि असा गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो. म्हणून क्ष-किरणांनी तपासणी होते. स्फोटकांच्या इमारती एकमेकींपासून लांब, मध्ये मातीचे बांध घालून बांधाव्या लागतात. जानेवारी 2025 मध्ये जवाहरनगरच्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. त्यानंतर ही खबरदारी कुणाला अतिरेकी वाटू नये. एका पाळीच्या तीन पाळ्या करणं इथे इतकं सोपं नसतं.

त्यात अमेरिकेने स्वतःचं टीएनटी बनवणं 1980च्या दशकातच बंद केलेलं. भिस्त पोलंडसारख्या देशांवर. केंटकीतल्या नव्या कारखान्याचं कंत्राट निघालं नोव्हेंबर 2024 मध्ये, म्हणजे युद्धाच्या तिसऱ्या वर्षी. फेकणाऱ्या दारूसाठी नायट्रोसेल्युलोज लागतं आणि त्याचा नेहमीचा कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहणारे कापसाचे आखूड तंतू. त्यासाठी युरोप बराचसा चीनवर अवलंबून. जर्मनीत राइनमेटाल कंपनीने उंटरल्यूस इथे फेब्रुवारी 2024 मध्ये पायाभरणी करून ऑगस्ट 2025 मध्ये कारखाना उघडला. दीड वर्ष, आणि हा वेग कौतुकाचा मानला गेला! तोवर लढायचं ते कोठारातल्या साठ्यावर, म्हणजे शांततेच्या काळात कुणी तरी घेतलेल्या, किंवा खर्च नको म्हणून न घेतलेल्या, निर्णयांवर.

माणसांचंही तसंच. ब्रिटनने 2022 पासून युक्रेनच्या रंगरुटांना साधारण पाच आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. तेवढ्यात बंदूक, प्रथमोपचार, खंदक एवढं येतं. पण तोफखाना, रणगाडे आणि पायदळ एकाच वेळी हलवणारा बटालियनचा अधिकारी पाच आठवड्यांत घडत नाही. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ब्रिटिश युद्धमंत्री किचनरच्या हाकेला भरती झालेल्या पलटणींपैकी कित्येकांची पहिली मोठी लढाई जुलै 1916 मधली, फ्रान्समधल्या सोम नदीकाठची. मधल्या काळात बंदुका, गणवेश आणि शिकवणारे उस्ताद, तिन्हींची टंचाई होती.

उस्तादांचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण शिकवू शकणारा माणूस आघाडीवरही हवाच असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदल लढून आलेल्या वैमानिकांना परत बोलावून नवशिक्यांना शिकवायला लावी. जपानने आपले कसलेले वैमानिक बहुतांशी लढतच ठेवले. त्यातले बरेच 1942-43 मध्ये कामी आले आणि त्यांच्या जागी आलेल्या मुलांचे उड्डाणाचे तास इंधनाअभावी आणखी घटले. जून 1944 मध्ये फिलिपीन समुद्रावरच्या लढाईत जपानकडे नऊ विमानवाहू जहाजं होती, त्यांवर चारशेहून अधिक विमानं होती. पहिल्याच दिवशी त्यातली बहुसंख्य पडली.