विश्लेषण : विश्वस्तपद सोडले, मग खिशातून केलेल्या खर्चाचे काय?

समजा, कुटुंबाच्या ट्रस्टची जागा कुणी बळकावली. विश्वस्त असलेल्या काकांनी स्वतःच्या खिशातून वकिलाची फी भरली, जागा सोडवली आणि वर्षभराने राजीनामा दिला. आता नवे विश्वस्त म्हणतात, ‘तुमचा ट्रस्टशी संबंध संपला.’ काकांचे पैसे बुडाले का?

मानधन मागता येते का?
सहसा नाही. खासगी ट्रस्टला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम ५० नुसार विश्वस्ताला वेळ आणि मेहनतीचा मोबदला मागण्याचा हक्क नाही. ट्रस्ट डीडमध्ये तशी तरतूद असेल किंवा पद स्वीकारताना तसा करार झाला असेल, तरच तो मिळतो.

वकिलाचा खर्च मिळतो का?
हो, तो ट्रस्टसाठी योग्य रीतीने केलेला असेल तर. कलम ३२ नुसार अशा खर्चाचा आणि त्यावरील व्याजाचा ट्रस्टच्या मालमत्तेवर पहिला बोजा असतो. मात्र खर्चाला दिवाणी न्यायालयाची मंजुरी नसेल, तर ‘आधी पैसे द्या, मगच मालमत्ता विका’ एवढीच मनाई या बोजाच्या आधारे मिळते.

कोणता खर्च अंगावर पडू शकतो?
जागा वाचवण्याचा दावा ट्रस्टचा. स्वतःची खुर्ची किंवा चूक वाचवण्याचा दावा स्वतःचा. इंग्लंडमध्ये १८९३ च्या ‘बेडो’ खटल्यात न्यायालयाचा सल्ला न घेता दावा लढवून हरलेल्या विश्वस्ताला पूर्ण खर्च नाकारला गेला. आपल्याकडे असा सल्ला कलम ३४ खाली मागता येतो.

पद सोडल्यावर हक्क संपतो का?
कलम ३२ मध्ये माजी विश्वस्ताचा वेगळा उल्लेख नाही. पण हक्क खर्चातून येतो आणि तो खर्च पदावर असतानाचा आहे. जर्सी बेटावरील ट्रस्टच्या प्रकरणांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २०२२ मध्ये सांगितले, की पद सोडल्यानंतरही मालमत्तेवरचा हा हक्क टिकतो. पैसे अपुरे पडले तर आजी-माजी विश्वस्तांना त्यांच्या येण्याच्या प्रमाणात वाटणी, असे चार विरुद्ध तीन मतांनी ठरले. हा निकाल भारतात बंधनकारक नाही. युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो.

देवस्थान, शिक्षणसंस्थांचे काय?
सार्वजनिक ट्रस्टना १८८२ चा कायदा लागू नाही. राज्यात त्यांच्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आहे. या कायद्याखालील दाव्याचा खर्च ट्रस्टच्या निधीतून द्यायचा की संबंधित व्यक्तीने सोसायचा, हे न्यायालय ठरवते.

राजीनाम्याआधी काय करावे?
दावा लढवण्याचा ठराव, वकिलाची बिले आणि बँकेच्या नोंदी यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. येणे रक्कम ट्रस्टच्या हिशेबात दाखवून घ्या आणि राजीनाम्याच्या पत्रातही लिहा. तोंडी दिलेला शब्द विश्वस्त बदलले की विसरला जातो; ताळेबंदातली नोंद मागे राहते.