कोंबडी धुताना जंतू जातात कोठे?

रविवारी घरी कोंबडीचा रस्सा व्हायचा असला, की बाजारातून आणलेले मांस प्रथम नळाखाली धुतले जाते. धुतले की ते स्वच्छ झाले, असे आपण मानतो. पण पदार्थविज्ञान निराळेच सांगते.

कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर जातीचे जीवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे ताप येतो, पोटात कळा येतात व जुलाब होतात. लहान मुलांना आणि वृद्धांना याचा धोका अधिक असतो.

आता एक प्रयोग करून पाहा. कणकेच्या मऊ गोळ्याला शाई फासून तो नळाखाली ठेवा आणि भोवती पांढरे कागद पसरा. नळ सोडताच कागदांवर शाईचे ठिपके उमटतील. ४० सेंटिमीटर उंचीवरून पडणारे पाणी सेकंदाला सुमारे २.८ मीटर वेगाने आदळते. १० सेंटिमीटरवरून पडणारे १.४ मीटर वेगाने. म्हणजे उंची चौपट केली की वेग दुप्पट होतो आणि आघाताची ऊर्जा चौपट! शिवाय मऊ पृष्ठभागावर धारेखाली खळगा पडतो आणि पाणी अधिक उसळते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खऱ्या कोंबडीवरून उडालेल्या शिंतोड्यांत जीवाणू सापडले. ओट्यावर कोशिंबिरीची काकडी चिरून ठेवली असेल, तर हे शिंतोडे तिच्यावरही पडतील. रस्सा उकळेल, पण कोशिंबीर आपण कच्चीच खातो!

मग जंतू मरतात कशाने? उष्णतेने. मांसाच्या आतल्या भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले, की हे जीवाणू मरतात. मात्र रस्सा उकळू लागला म्हणजे तुकडा आतून तितका तापला असे नाही. उष्णता आत हळूहळू पोचते. जाडी दुप्पट झाली, तर मध्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून तुकडे लहान करावेत आणि हाडाजवळचा भागही पूर्ण शिजू द्यावा.

तेव्हा घरी एवढे सांगा: मांस धाराखाली धुऊ नका. धुवायचेच असेल, तर भांड्यात आधी पाणी भरून तुकडे त्यात अलगद बुडवा, पाणी सावकाश ओता आणि मोरी साबणाने घासा. कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवा. मांसाची सुरी व पाट वेगळे ठेवा. कच्च्या मांसाला हात लागले, की ते साबणाने २० सेकंद चोळून धुवा. धुवायचे आहेत ते हात. मांसावरचे जंतू मारण्याचे काम चुलीवर सोपवा.