स्वयंपाकघर विजेवर न्यायचंय? आधी शेजाऱ्यांशी बोला

गॅसचा सिलेंडर नेमका कधी संपतो? पाहुणे यायचे असतात तेव्हाच. भाजी अर्धी शिजलेली असते, कुकरची शिट्टी व्हायची असते आणि शेगडी विझते. मग माळ्यावरची इंडक्शन शेगडी खाली उतरते, दोन दिवस घर सांभाळते आणि नवा सिलेंडर आला की पुन्हा माळ्यावर जाते.

या दोन दिवसांत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘रोजचाच स्वयंपाक हिच्यावर केला तर?’’ आणि लगेच शंका सुरू होतात. वीज गेली तर? बिल किती येईल? भाकरी कशी फुगणार? मीटरला एवढा भार झेपेल का? उत्तरं कुणाकडेच नसतात, म्हणून शेवटी ठरतं, ‘‘राहू दे, गॅसच बरा.’’

गंमत म्हणजे, याच शंका शेजारच्या घरात आणि वरच्या मजल्यावरही असतात. प्रत्येक घर त्यांच्याशी एकटंच झुंजतं आणि एकटंच हार मानतं. काही वस्त्यांनी मात्र हे प्रश्न एकत्र बसून सोडवायचं ठरवलं. काहींना ते जमलं, एका गावात फसलं. दोन्हींतून आपल्याला शिकण्यासारखं आहे.

घर विजेवर नेणं म्हणजे काय?

घरात जिथे जिथे गॅस, लाकूड, रॉकेल किंवा पेट्रोल जळतं, तिथे विजेवर चालणारं उपकरण आणायचं आणि ती वीज शक्य तितकी सूर्यापासून मिळवायची. गॅसच्या शेगडीऐवजी इंडक्शन, गॅस गिझरऐवजी सौर बंब किंवा हीट पंप, पेट्रोलच्या स्कूटरऐवजी बॅटरीवरची स्कूटर आणि छतावर सौर पॅनल.

यात पहिला फायदा आपल्या फुप्फुसांचा आहे. चुलीच्या आणि घरातल्या इतर इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा अकाली मृत्यू झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा धूर सर्वात जास्त कुणाच्या नाकातोंडात जातो, हे वेगळं सांगायला नको. गॅसने धूर खूप कमी केला, पण भारतात वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस परदेशातून येतो. तिकडे भाव वाढले की त्याचा भार सरकारी तिजोरीवर किंवा आपल्या महिन्याच्या खर्चावर पडतोच.

‘‘पण आपली वीजही कोळशावरच तयार होते ना?’’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. आज देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून बनते, त्यामुळे नुसती शेगडी बदलून हवा लगेच स्वच्छ होणार नाही. पण गॅसची शेगडी पुढची १५ वर्षं गॅसच जाळणार. विजेची शेगडी मात्र देशातली वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतशी आपोआप स्वच्छ होत जाईल. छतावर पॅनल असेल तर दुपारचा स्वयंपाक आजच उन्हावर होऊ शकतो.

एका पिनकोडची मोहीम

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेला, समुद्राच्या काठाने थिरुल, ऑस्टिनमर, कोलडेल अशी छोटी उपनगरं आहेत. त्या सर्वांचा पोस्टकोड एकच, २५१५. हा सगळा पट्टा कधीकाळी कोळशाच्या खाणींचा. याच भागात सॉल ग्रिफिथ नावाचे अभियंता राहतात. अमेरिकेत बरीच वर्षं काम करून ते मायदेशी परतले. हवामान बदलाशी लढाई घरातल्या बॉयलर, शेगडी आणि गाडीपासून सुरू होते, हा विचार ते अनेक वर्षं मांडत आले आहेत.

तिथल्या रहिवाशांनी ‘इलेक्ट्रिफाय २५१५’ नावाने स्वयंसेवकांचा गट उभा केला. त्यांनी सरकारकडे मागणी केली, ती एकेका घरासाठी नाही, तर संपूर्ण पोस्टकोडसाठी. एकाच परिसरातली ५०० घरं गॅसवरून विजेवर नेऊन पाहू, म्हणजे खर्च किती येतो, बिल किती कमी होतं आणि एका गल्लीतल्या अनेक घरांनी एकदम वीज ओढली तर तिथल्या तारा व रोहित्रं तग धरतात का, हे कळेल. २०२४ मध्ये तिथल्या सरकारच्या अक्षय ऊर्जा संस्थेने या प्रयोगासाठी ५४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले. वीजपुरवठा करणारी कंपनीही त्यात सहभागी झाली.

ऑस्ट्रेलियातली घरं, तिथलं उत्पन्न, तिथलं हवामान सगळंच वेगळं आहे. तरी एक गोष्ट आपल्यालाही लागू पडते. एका घराने वीज कंपनीला विचारलं की ‘आमचा परिसर तयार आहे का?’, तर ते पत्र फाइलमध्ये जातं. शेकडो घरांनी मिळून विचारलं की उत्तर द्यावंच लागतं.

धरनईत काय चुकलं?

आता बिहारकडे येऊ, कारण चांगल्या हेतूने सुरू झालेलं काम कुठे अडतं हे तिथे दिसतं. जहानाबाद जिल्ह्यातलं धरनई हे गाव सुमारे तीन दशकं अंधारात होतं. जुलै २०१४ मध्ये ‘ग्रीनपीस’ने इतर संस्थांच्या मदतीने तिथे १०० किलोवॉटचा सौर वीज प्रकल्प उभा केला. सुमारे ४५० घरांना त्यातून वीज मिळाली. मुलं दिव्याखाली अभ्यास करू लागली, संध्याकाळनंतर बाहेर पडणं सोपं झालं. देशभर या गावाची वाहवा झाली.

पण ही वीज बेताची होती. तिच्यावर दिवे आणि पंखे चालायचे, फ्रिजसारखी जड उपकरणं चालत नव्हती. माजी मुख्यमंत्री गावात आले तेव्हा काही गावकऱ्यांनी त्यांच्याकडे ‘असली बिजली’ मागितली. थोड्याच काळात सरकारी वीजही गावात पोहोचली. तिचा दर युनिटला सुमारे ३ रुपये आणि सौर विजेचा ९ रुपये. लोक स्वस्त विजेकडे वळले. काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या आणि त्या बदलायला पैसा नव्हता. २०२१ च्या अखेरीस पत्रकार तिथे गेले, तेव्हा प्रकल्पाच्या आवारात गुरं बांधलेली होती.

गावकऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या बाईला फ्रिज हवा होता, ज्या मुलाला टीव्ही बघायचा होता, त्यांचं काय चुकलं? शहरात आपण जे सहज वापरतो, तेच त्यांनी मागितलं. धरनईत सूर्य कमी पडला नाही. लोकांना काय हवं आहे, त्याला किती वीज लागेल आणि पाच वर्षांनी बॅटरीचा खर्च कोण करणार, या तीन प्रश्नांचा मेळ बसला नाही.

बाचाच्या चुली

मध्य प्रदेशातला बैतूल जिल्हा आपल्या अमरावतीला लागून आहे. तिथलं बाचा हे आदिवासी वस्तीचं छोटं गाव, घरं ७४. इथल्या बायका सरपणासाठी जंगलात जायच्या. मोळी आणण्यात दिवसाचा मोठा भाग जायचा आणि उरलेला धुरात. २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या चमूने सौर विजेवर चालणारी चूल तयार केली आणि ती बसवण्यासाठी बाचाची निवड झाली. २०१८ च्या अखेरीस गावातल्या प्रत्येक घरात अशी चूल पोहोचली होती.

छतावर चार पॅनल, घरात बॅटरी आणि तिला जोडलेली शेगडी. बॅटरीत साधारण तीन युनिट वीज साठते. पाच माणसांच्या घराचा दिवसाचा स्वयंपाक त्यात भागावा, असा हिशेब होता. इथे मोजणी सुरू झाली ती ‘या घरात रोज काय शिजतं आणि किती माणसांसाठी?’ या प्रश्नापासून.

महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. तिथल्या साधारण शंभर घरांची वीज आता छतावरच्या पॅनलमधून येते. ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धांमध्ये या वाडीने आधीच नाव कमावलं होतं. एकत्र येऊन गाव झाडण्याची सवय असलेल्या लोकांना एकत्र येऊन अर्ज भरणं अवघड नसतं.

तुमच्या सोसायटीत सुरुवात कशी कराल?

पुण्यातली सोसायटी असो, बडोद्याची कॉलनी किंवा इंदूरची जुनी गल्ली, पद्धत साधारण हीच.

आधी पाच-सहा घरं जमवा. सभेची वाट पाहू नका. चहाला बोलवा आणि प्रत्येकाला गेल्या वर्षभराची वीजबिलं आणायला सांगा. बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. इंडक्शन शेगडी पूर्ण क्षमतेने चालली तर सुमारे २ किलोवॉट भार घेते. भार कमी पडत असेल तर तो वाढवण्याचा अर्ज सगळ्यांनी एकत्र करा. शेगडीसाठी १६ अँपियरचा वेगळा सॉकेट हवा आणि इमारत जुनी असेल तर वायरिंग आधी तपासून घ्या.

स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारा. सोसायटीच्या सभेत बहुतेक वेळा पुरुष बसतात आणि ज्यांना त्या शेगडीवर रोज तीन तास उभं राहायचं असतं, त्या घरीच राहतात. ज्या घरात इंडक्शन आहे, तिथे एक दिवस सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करून बघा. भांड्याच्या तळाला चुंबक चिकटलं तर ते चालतं, नाहीतर नाही. भाकरी आणि फुलके फुगवायला आच लागते, त्यामुळे अनेक घरांत एक बर्नर गॅसचा राहतो. राहू द्या. वर्षाला आठ सिलेंडरांऐवजी तीन लागले तरी तो बदलच आहे. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

छत कुणाचं, हे आधी ठरवा. भांडणं इथेच होतात. एक किलोवॉटच्या पॅनलला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून चांगल्या उन्हाच्या दिवशी सुमारे चार युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत स्वतंत्र घराला १ किलोवॉटसाठी ३० हजार, २ किलोवॉटसाठी ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये अनुदान ठरवण्यात आलं. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये. अर्ज करण्यापूर्वी सध्याचे नियम योजनेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. दिल्लीसह काही राज्यांत एकाच प्रकल्पाची वीज अनेक फ्लॅटच्या बिलांत वाटून घेण्याची सोयही आहे. तुमच्या वीज कंपनीकडे त्याची चौकशी करा.

वीज गेल्यावर काय, हे विक्रेत्याला नक्की विचारा. अनेकांना वाटतं, छतावर पॅनल आहे म्हणजे वीज गेली तरी घर उजळलेलं राहील. बॅटरी नसलेली साधी यंत्रणा बाहेरची वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते. हे आधी कळलं तर नंतर विक्रेत्याशी आणि नवऱ्याशीही वाद होत नाहीत.

पाच वर्षांनंतरचा विचार आजच करा. पॅनल धुणार कोण? इन्व्हर्टर बिघडला तर पैसे कुठून येणार? सामाईक वीजबिलात जी बचत होईल, तिचा एक भाग वेगळ्या खात्यात टाका आणि हे सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. सेक्रेटरी बदलला तरी खातं राहतं.

ज्यांना परवडत नाही, त्यांना बाजूला ठेवू नका. भाड्याने राहणारं कुटुंब पॅनल लावू शकत नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या ताई कदाचित अजूनही सरपण जाळत असतील. तुमची वापरात नसलेली इंडक्शन शेगडी आणि तळाशी चुंबक चिकटणारी दोन भांडी त्यांच्या उपयोगी पडतील का, हे विचारा. त्यांच्या घरचं वायरिंग ठीक आहे का, हेही बघा.

छोट्या घरापासून मोठ्या मागणीपर्यंत

हवामान बदलाच्या बातम्या वाचून ‘आपल्या एकट्याने काय होणार?’ असं वाटणं साहजिक आहे. एकट्याने खरंच फारसं होत नाही. पण २० घरांच्या सह्यांचं पत्र वीज कार्यालयात गेलं, तर रोहित्राची क्षमता तपासायला माणूस येण्याची शक्यता वाढते. नगरसेवकाला ४० कुटुंबं एकत्र भेटली, तर महापालिकेच्या शाळेच्या रिकाम्या छताचा विषय निघू शकतो. मोहीम म्हणजे दर वेळी मोर्चा आणि घोषणा असंच नसतं. कधी ती बिलांची फाइल घेऊन चहाच्या टेबलाशी बसलेल्या चार शेजारणींपासून सुरू होते.

तेव्हा या रविवारी माळ्यावरची इंडक्शन शेगडी खाली काढा, शेजारच्या वहिनींना हाक मारा आणि दोघी मिळून एक पूर्ण जेवण तिच्यावर करून बघा. काय जमलं आणि कुठे अडलं, ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीला ती वही उपयोगी पडेल.