महाधमनीतील जंतुसंसर्ग : तापामागे दडलेला धोका

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली उतरते आणि पोटात कण्यालगत वाहत नाभीच्या आसपास दुभंगते. निरोगी प्रौढाच्या पोटात तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर असते. ती ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली, की त्या फुगवट्यास धमनीविस्फार म्हणतात; डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅन्युरिझम. बहुतेक फुगवटे वाढते वय, धूम्रपान व रक्तदाब यांमुळे वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. मात्र क्वचित रक्तातून आलेले जिवाणू धमनीच्या भिंतीतच ठाण मांडतात. मग लहान फुगवटाही अल्पावधीत फुटू शकतो.

विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत या विकारास ‘मायकोटिक’, म्हणजे बुरशीजन्य, असे नाव दिले. त्याचे स्वरूप त्यांना बुरशीच्या वाढीसारखे भासले होते. वास्तविक दोषी बहुधा जिवाणूच असतात. परंतु खातेवहीतील चुकीची नोंद पानोपानी पुढे ओढली जावी, तसे ते नाव आजही टिकून आहे.

स्टॅफिलोकोकस आणि साल्मोनेला हे यातील प्रमुख जंतू. आशियात साल्मोनेलाचे प्रमाण विशेष आढळते. हा जंतू केवळ मांस वा अंड्यांतूनच येतो असे मानून शाकाहारी कुटुंबांनी निर्धास्त राहू नये. दूषित पाणी, न तापवलेले दूध आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही तो पोटात जातो. धमनीचे निरोगी अस्तर त्याला सहसा थारा देत नाही. चरबी व चुना साचून ते खडबडीत झाले, की जंतूंना आसरा मिळतो. म्हणूनच वृद्ध व मधुमेही यांना धोका अधिक.

खरी अडचण निदानाची. ताप टायफॉईडच्या नावे जमा होतो, पाठदुखी वयाच्या नावे! प्रतिजैविकांच्या चार गोळ्यांनी ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात. भिंतीतील जंतू मात्र तसेच राहतात. वयस्कर व्यक्तीस वारंवार ताप आणि त्यासोबत पोट वा पाठ दुखत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही तक्रारी एकत्र सांगाव्यात. रक्तातील जंतू शोधणारी ब्लड कल्चर तपासणी शक्यतो औषध सुरू होण्यापूर्वी व्हावी. फुगवटा सी.टी. अँजिओग्राफीत दिसतो.

केवळ औषधांवर सहसा भागत नाही. संसर्ग झालेला भाग काढून रक्तासाठी नवा मार्ग करावा लागतो. ती मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना जांघेतून आच्छादित स्टेंट बसवतात. परंतु जंतू असलेल्या जागी परकी वस्तू राहत असल्याने प्रतिजैविके अनेक महिने, कधी आयुष्यभरही, घ्यावी लागतात.