कोष्टकातल्या दोन आकड्यांची फसगत

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर शून्यावर आला आणि परदेशस्थ भारतीयांना भारतातील पॉलिसी विकणाऱ्यांच्या हाती आयतेच निमित्त सापडले. या प्रचारात एक कोष्टक हमखास असते: डाव्या रकान्यात गुडघ्याच्या सांधेबदलाचा किंवा हृदयाच्या बायपासचा अमेरिकेतील खर्च, उजव्यात पुण्या-मुंबईतील खर्च आणि तळाशी रुपयांत काढलेली बचत. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हिशेब बहुधा याच पद्धतीने मांडला जातो. परंतु डावीकडचा आकडा प्रत्यक्षात फारसे कोणी भरत नाही आणि उजवीकडच्या आकड्यात फारसे कोणाचे भागत नाही, त्यामुळे त्यांच्या वजाबाकीतून निघणारी बचत बव्हंशी कागदावरच राहते.

हा घोळ ज्यांनी सर्वांत स्पष्टपणे उलगडला ते ऊवे राइनहार्ट स्वतः स्थलांतरित होते. १९३७ साली जर्मनीत जन्मलेले, कॅनडामार्गे अमेरिकेत आलेले आणि २०१७ मध्ये निधन होईपर्यंत प्रिन्स्टन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे राइनहार्ट यांनी जेरार्ड अँडरसन आणि अन्य दोन सहकाऱ्यांसह २००३ मध्ये 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. अमेरिकेचा आरोग्यखर्च इतर श्रीमंत देशांहून इतका अधिक का, या प्रश्नाला लोक डॉक्टरकडे जास्त जातात, जास्त दिवस रुग्णालयात राहतात, अशी उत्तरे तोवर दिली जात होती; या चौघांनी आकडेवारी मांडून दाखवले की अमेरिकी माणूस या सेवा इतरांहून जास्त वापरत नाही, कित्येकदा कमीच वापरतो, आणि फरक पडतो तो प्रत्येक सेवेच्या दरात. पुढे २००६ मध्ये राइनहार्ट यांनी रुग्णालयांच्या दररचनेवरच बोट ठेवले. तेथील प्रत्येक रुग्णालयाकडे 'चार्जमास्टर' नावाची स्वतःची दरसूची असते, तिच्यात बँडेजपासून शस्त्रक्रियागृहाच्या वापरापर्यंत हजारो बाबींचे छापील दर असतात, खासगी विमा कंपन्या त्यावर आपापल्या ताकदीप्रमाणे सवलत मिळवतात, ज्येष्ठांसाठीची सरकारी 'मेडिकेअर' योजना आपला दर स्वतःच ठरवते, आणि ज्याच्या पाठीशी कोणीच नाही अशा विमाहीन रुग्णापुढे मात्र छापील दर जसाच्या तसा येतो. एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात, एकाच शस्त्रक्रियेच्या अशा अनेक किमती असतील, तर कोष्टकात 'अमेरिकेतील खर्च' म्हणून यांतली नेमकी कोणती लिहायची, याचे उत्तर कोष्टक करणाऱ्याने द्यायला हवे.

राइनहार्ट केवळ टीका करून थांबले नाहीत. १९८९ मध्ये तैवान सरकारला त्यांनी एकाच सरकारी विमा यंत्रणेने सर्वांचा खर्च उचलण्याचा सल्ला दिला, आणि १ मार्च १९९५ रोजी तेथे तशी राष्ट्रीय आरोग्य विमा योजना सुरूही झाली. तेथे नोकरी करणारे परदेशी नागरिकही तिच्यात येतात. परदेशी राहणाऱ्याने या विचारातून घेण्याजोगी गोष्ट अशी की उपचाराची किंमत विचारण्याआधी ती कोणी ठरवली आणि कोणासाठी ठरवली, हे विचारावे.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाच्या टपालपेटीत येणारा विम्याचा तपशीलकागद याचा उत्तम नमुना होय. त्यावर ठळक अक्षरांत हे बिल नव्हे असे छापलेले असते आणि खाली रकाने असतात: आकारलेली रक्कम, विमा कंपनीशी ठरलेली रक्कम, कंपनीने भरलेली रक्कम आणि शेवटी रुग्णाचा वाटा. समजा, आकारणी ६०,००० डॉलरची असून ठरलेला दर २४,००० निघाला, कंपनीने काही देण्याआधी रुग्णाने भरायची वार्षिक रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, २,००० डॉलर आहे आणि त्यापुढील खर्चात त्याचा वाटा २० टक्के आहे, तर खिशातून जातात ६,४०० डॉलर. नेटवर्कमधील उपचारांसाठी रुग्णावर पडणाऱ्या या वार्षिक बोजाला कायद्याने कमाल मर्यादाही घातली असून २०२५ साठी ती एका व्यक्तीला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. तुलना करायचीच तर ६०,००० ची नव्हे, ६,४०० ची करावी लागेल आणि तिच्यात हप्ताही धरावा लागेल: केएफएफ या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीनुसार मालकामार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता, त्यांपैकी ६,८५० डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जात होते आणि उरलेले मालक भरत होता. मालकाने भरलेला पैसाही अखेर पगारवाढीतूनच वळता होतो, असे अर्थतज्ज्ञांचे मत आहे आणि ते खोडून काढणे कठीण आहे.

या व्यवस्थेत छापील दर ज्यांच्या वाट्याला येऊ शकतो ते म्हणजे लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांसाठी सहा महिने येऊन राहणारे आई-बाबा. त्यांच्यासाठी घेतला जाणारा पर्यटक विमा दोन प्रकारचा असतो, आणि स्वस्त पडतो म्हणून अनेकदा निवडला जातो तो ठरावीक लाभाचा, ज्यात प्रत्येक बाबीला एक निश्चित रक्कम मिळते व वरचे सगळे रुग्णाचे. व्यापक विमा ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिलाचा मोठा भाग उचलतो, पण जुना मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर तोही केवळ अचानक उद्भवलेल्या त्रासापुरता आणि वयानुसार घटत्या मर्यादेत. १९८६ च्या कायद्यामुळे आपत्कालीन विभागाला पैशाची चौकशी करून रुग्ण परत पाठवता येत नाही, त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल मात्र नंतर घरी येतेच. अशा वेळी बाबवार बिल मागणे, ना-नफा रुग्णालयाला कायद्याने आखावे लागणारे आर्थिक साहाय्याचे धोरण मागवणे, आणि नियोजित उपचार असल्यास आधी लेखी अंदाजपत्रक घेणे, हे तीन हक्क मुलांना ठाऊक असावेत, कारण विमा न वापरणाऱ्या रुग्णाचे बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून अधिक फुगले तर २०२२ पासून त्याविरुद्ध दाद मागता येते.

ब्रिटनमध्ये बिलाऐवजी शुल्क आधी येते. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात तात्पुरत्या बदलीवर जाणाऱ्या भारतीयांना तीन वर्षे तेथील सामाजिक सुरक्षा वर्गणीतून सूट देण्याचे ठरले, याचे येथे बरेच कौतुक झाले; पण व्हिसासोबत भरावा लागणारा आरोग्य अधिभार त्या सुटीत नाही. २०१५ मध्ये वर्षाला २०० पौंडांपासून सुरू झालेला हा अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला १,०३५ व मुलाला ७७६ पौंड असून, पाच वर्षांच्या व्हिसावर जाणाऱ्या चौकोनी कुटुंबाला १८,११० पौंड, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक रक्कम, विमानात बसण्यापूर्वीच भरावी लागते. त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य सेवेचे रुग्णालय पैसे मागत नाही, मात्र नियोजित उपचारांसाठी इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये सत्तर लाखांहून अधिक प्रकरणे रांगेत होती. पाहुणे आलेल्या आई-वडिलांना रुग्णालयाची ही सवलत लागू नाही. आपत्कालीन विभागातले प्राथमिक उपचार विनामूल्य असले तरी दाखल व्हावे लागल्यास त्यांना प्रमाण दराच्या दीडपट आकारणी होते. जर्मनीत पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडे पूरक अंशदान कापले जाते, त्यातील निम्मे मालकाचे असते, बिनकमाईचा जोडीदार आणि मुले त्याच वर्गणीत येतात, आई-वडील येत नाहीत.

स्वच्छ हिशेबाचे बक्षीस द्यायचे तर ते जपानला द्यावे लागेल. तेथे प्रत्येक उपचाराला गुण ठरलेले असतात, एका गुणाचे १० येन होतात, ही सूची सामान्यतः दर दोन वर्षांनी सुधारली जाते आणि तोक्योतील मोठ्या रुग्णालयाला व होक्काइदोतील खेड्यातल्या दवाखान्याला तीच लागू पडते. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी माणसालाही सरकारी विमा घ्यावाच लागतो. प्रौढ रुग्ण ३० टक्के भरतो. परंतु दीर्घकाळ चालत आलेल्या आणि २०२५ मध्येही लागू असलेल्या सूत्रानुसार मध्यम उत्पन्न गटासाठी महिन्याची मर्यादा ८०,१०० येन अधिक २,६७,००० येनच्या वरील खर्चाच्या एक टक्का एवढी असल्याने, एका महिन्यात १० लाख येनचे उपचार झाले तरी रुग्णाचा वाटा ३ लाख न होता ८७,४३० येनवर थांबतो. हा हिशेब रुग्णाला दाखल होण्यापूर्वीच कागदावर करता येतो, आणि अमेरिकेत भरपूर पगार घेणाऱ्यालाही हे सुख सहसा मिळत नाही.

आखातात सगळा प्रश्न नोकरीच्या व्हिसाचा होतो, कारण विमा त्यालाच जोडलेला असतो. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडील अमिरातींतही खासगी क्षेत्रातील कामगारांचा व घरकामगारांचा विमा मालकाने काढणे सक्तीचे झाले असून मूलभूत पॅकेजचा वार्षिक हप्ता ३२० दिरहम आहे. रत्नागिरी-रायगडहून गेलेल्या कामगाराच्या दृष्टीने ही सुधारणा मोठीच. पण नोकरी संपली की विमाही संपतो, आणि पंचविसेक वर्षे आखातात काढून साठीला गावी परतणाऱ्याच्या हातात अनेकदा भारतातील एकही पॉलिसी नसते.

उजव्या रकान्याची कथाही फारशी वेगळी नाही. भारतातील खासगी रुग्णालयात तोच शल्यविशारद, तीच शस्त्रक्रिया, पण रुग्ण जनरल वॉर्डमध्ये असेल तर एक दर आणि डिलक्स खोलीत असेल तर दुसरा, असे सर्रास चालते. राइनहार्ट यांना हा प्रकार पाहून घरी आल्यासारखेच वाटले असते. त्यातच पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असताना १०,००० ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत भाड्यापुरतीच नव्हे, तर डॉक्टर व शस्त्रक्रियागृह यांच्या शुल्कासारख्या संलग्न खर्चांतही निम्मी कपात होते. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने मर्यादा घातली हे खरे, तरी शुल्काचा उरलेला डोलारा मोकळाच राहिला. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलून रुग्णालयांना दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. पॅकेज ठरवण्यासाठी अमेरिकेतून फोन करणाऱ्या मुलाने तो दरफलक मागण्याचा आग्रह धरला, तर फलक लागण्याचे प्रमाण कदाचित वाढेल.

शेवटी मुद्दा उरतो वयाचा, आणि कोष्टकांत तो नेमका गळतो. अमेरिकेत दहा वर्षे नोकरी करून मेडिकेअरचा हक्क कमावलेल्या माणसाने पुण्यात येऊन राहायचे ठरवले, तर मेडिकेअर मोजके अपवाद सोडता अमेरिकेबाहेरील उपचारांचा पैसा देत नाही. डॉक्टरी सेवांच्या 'भाग ब'चा २०२५ मधील महिना १८५ डॉलरचा प्रमाण हप्ता भरत राहावे तर पुण्यात त्याचा उपयोग नाही, आणि न भरता पुढे पुन्हा अमेरिकेत गेल्यास दर बारा महिन्यांच्या विलंबाला दहा टक्के दंड आहे. इकडे भारतीय पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ मध्ये कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला, तरी तो मोजला जातो पॉलिसी घेतल्या दिवसापासून, विमानतळावर उतरल्यापासून नव्हे. त्यामुळे परतीचे वर्ष ठरलेल्या कुटुंबाने करमाफीचा लाभ घ्यायचाच तर परतण्याच्या किमान तीन वर्षे आधी घ्यावा, खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी निवडावी आणि प्रस्तावपत्रात मधुमेह, रक्तदाब काहीही न लपवता नोंदवावे.