कोंबडीच्या खाद्यातील एन्झाइम : फायदा किती, भूलथाप किती?

ताडकळसच्या बाजार समितीत दरवर्षी सोयाबीनची आवक होते. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरणारी पेंड बॉयलर कोंबडीच्या खाद्यात जाते. शेतीला जोडधंदा म्हणून शेड टाकणाऱ्या तरुणांना या खाद्याबरोबर आता एन्झाइमची पिशवीही घ्यायला सांगतात. “याने कोंबडी आजारी पडत नाही,” असा विक्रेत्यांचा दावा असतो. बॉयलरच्या खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा एकट्या खाद्याचा असल्याने या दाव्याचा हिशेब झाला पाहिजे.

मका व सोयाबीन पेंड कोंबडीला पूर्ण पचत नाही. धान्यातील बहुतांश स्फुरद फायटेटच्या रूपात अडकलेले असते. फायटेज हे एन्झाइम ते मोकळे करते. झायलनेज धान्यातील तंतू फोडते, तर प्रोटिएज प्रथिनांच्या पचनाला मदत करते. पेंडीतील मॅनन या घटकाला कोंबडीचे शरीर जंतू समजते आणि वाढीची ताकद विनाकारण त्याच्याशी लढण्यात घालवते. मॅननेज हा घटक तोडते.

रोगप्रतिकाराशी एन्झाइमचा संबंध आहे तो एवढाच. न पचलेले खाद्य आतड्यात पुढे गेले की त्यावर घातक जंतू पोसतात, विष्ठा पातळ होते, तूस ओले होते आणि रोगाला वाट मिळते. पचन सुधारले तर हे कमी होते.

परंतु एन्झाइम म्हणजे लस नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या दगावल्या. असा रोग कोणत्याही पिशवीने अडत नाही. राणीखेत व गंबोरोच्या लसी वेळेवर देणे, पाणी स्वच्छ ठेवणे आणि शेडमध्ये परक्यांची ये-जा थांबविणे याला पर्याय नाही. वाढीसाठी प्रतिजैविके चारण्याची सवयही सुटली पाहिजे. कोलिस्टिन या औषधावर तर केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्यजनावरांसाठी बंदीच घातली.

हे हलाल आहे का, असेही काही बांधव विचारतात. खाद्यातील फायटेज, झायलनेज यांसारखी एन्झाइम्स साधारणतः बुरशी व जिवाणूंपासून तयार होतात. तरीही कंपनीकडून उगमाची लेखी माहिती घ्यावी आणि शंका राहिल्यास उलेमांना विचारावे.

आता खरेदीविषयी. आम्ही कापडवाले ठाणाच्या चमकेवर भाव ठरवत नाही, सूत आणि पन्हा पाहतो. एन्झाइमचेही तसेच आहे. प्रत्येक ग्रॅममध्ये किती युनिट, तयार केल्याची तारीख कोणती, गोळीखाद्य बनविताना लागणारी उष्णता ते सोसते का, हे विचारावे. तयार खाद्यात ते आधीच असेल तर पुन्हा घालणे म्हणजे पैसा वाया. कंपनीशी करार असेल तर खाद्य कंपनीचेच असते. तेव्हा तिला विचारल्याशिवाय वरून काहीही मिसळू नये.

खात्री हिशेबानेच होते. एका शेडचे दोन भाग करावेत, एकाला एन्झाइम द्यावे, दुसऱ्याला देऊ नये. खाद्य, वजन आणि मर यांची रोज नोंद ठेवावी. समजा, हजार कोंबड्यांमागे प्रत्येकी शंभर ग्रॅम खाद्य वाचले, तर एक क्विंटल वाचले. त्याची किंमत पिशवीच्या किमतीपेक्षा जास्त भरली तरच सौदा फायद्याचा. कर्ज काढून शेड उभारणाऱ्या तरुणांनी विक्रेत्याच्या शब्दापेक्षा आपल्या वहीवर भरवसा ठेवावा. इन्शाअल्लाह, धंद्यात बरकत येईल.